मी, रंग सांगणारी डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. पांढऱ्या प्लास्टिकची, तुमच्या मधल्या बोटाहून थोडीशी उंच, घट्ट झाकणाची. मला पाहून लोकांना वाटतं, हिच्यात गोळ्या असतील. पण गोळी माझ्या पोटात कधीच नव्हती. माझ्या पोटात पन्नास पातळ पट्ट्या होत्या. आजारी माणसाच्या लघवीत बुडायचं आणि रंग बदलून खरं काय ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. हे ऐकून तुम्ही नाक मुरडलंत तरी मला राग येणार नाही. पहिल्यांदा ऐकणारे सगळेच मुरडतात. उर्वशीनंही मुरडलं होतं.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. साल होतं दोन हजार दोन. तिथली हवा मुद्दाम कोरडी ठेवलेली असे, कारण दमट हवा ही आमची वैरीण. हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्यात पट्ट्या भरल्या, ओल शोषून घेणारी एक लहानशी पुडी टाकली आणि अंगठ्यानं दाबून झाकण लावलं. प्रत्येक पट्टीच्या टोकाला दोन इवलेसे चौकोन होते. एक साखर ओळखायचा, दुसरा कीटोन. माझ्या अंगावर त्या रंगांची ओळ छापली होती. कीटोन नसेल तर चौकोन सायीसारखा फिकट राहतो, थोडं असेल तर गुलाबी होतो आणि फार झालं की गडद जांभळा. रंगांच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: झाकण घट्ट लावा, कोरड्या जागी ठेवा, उघडल्यापासून सहा महिन्यांत वापरा.

कोरड्या जागी ठेवा म्हणे! आणि मला पाठवलं सिंधुदुर्गात, जिथे बरणीतलं मीठही पाणी धरतं.

सावंतवाडीत डॉक्टर दीपिका नावाच्या बाईंचा दवाखाना होता. त्यांच्या टेबलावर मी काही दिवस नुसतीच उभी होते. दोन हजार तीनच्या मे महिन्यात एक दिवस आरोंद्याहून तीन माणसं तिथे आली. अकरा वर्षांची उर्वशी, तिची आई पार्वती आणि बाप लवू कुबल. लवू मासेमारी करणारा. स्वतःची होडी होती त्याची. पार्वती ती मासळी टोपलीतून बाजारात नेऊन विकायची. उर्वशी त्यांची एकुलती एक मुलगी. आई आणि मुलगी खुर्च्यांवर बसल्या. लवू मात्र दाराच्या चौकटीला धरून बाहेरच उभा राहिला.

तो बाहेर का राहिला, हे त्या दिवशीच्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं.

उर्वशी नऊ वर्षांची असताना तिला अतोनात तहान लागू लागली होती. शाळेतून आली की ती तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची. अंगानं काडीसारखी झाली. शेजारी म्हणाले, पाणी बाधलंय, काढा द्या. एका सकाळी ती हाक मारूनही उठली नाही. तेव्हा कळलं की तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. रुग्णालयात चार दिवस ती शुद्धीवर नव्हती. तिथे नर्सनं तिच्या हाताची शीर शोधायला सुई टोचली आणि ती पाहताच लवू उभ्याचा आडवा झाला. वॉर्डातली माणसं हसली. वाऱ्यावादळात होडी खाडीच्या तोंडातून आत आणणारा माणूस, हाताच्या तळव्यात रुतलेला गळ स्वतः उपटून काढणारा माणूस, पोरीच्या सुईला घाबरून पडला. ते हसणं लवूच्या मनातून पुढे कधी गेलं नाही.

त्या दिवसापासून उर्वशीला रोज दोन इंजेक्शनं लागत. सकाळी एक, संध्याकाळी एक. पार्वती ती द्यायला शिकली. त्या दोन्ही वेळांना लवूला नेमकं होडीवर काही काम निघायचं. तिथे काम नसतं हे पार्वतीला ठाऊक होतं. ती त्याला काही विचारत नसे. दोन वर्षांत ती एक रात्रही घराबाहेर राहिली नव्हती, कारण ती गेली तर सुई कोण देणार?

उर्वशीलाही सुईची भीती होती. इंजेक्शनाच्या वेळी ती डोळे गच्च मिटून भिंतीकडे तोंड करायची. साखर पाहण्यासाठी बोट टोचायचं म्हटलं की दोन्ही हात पाठीमागे लपवायची. त्या दिवशी दवाखान्यातही तिचे हात पाठीमागेच होते. डॉक्टरांनी मला उचललं तसं तिनं विचारलं, "हेच्यात सुई आसा?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हिच्यात सुई नाही आणि रक्तही नाही."

मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. इन्सुलिन कमी पडलं की शरीराला साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन नावाचं आम्ल रक्तात साठतं. दोन वर्षांपूर्वी उर्वशी त्यामुळेच बेशुद्ध झाली होती. ताप आला, उलट्या झाल्या, की हा धोका वाढतो. अशा वेळी दर तीन-चार तासांनी लघवीची तपासणी करायची. पट्टी बुडवायची, थेंब झटकायचा, पंधरा सेकंदांनी कीटोनचा रंग पाहायचा, तीस सेकंदांनी साखरेचा. गुलाबी दिसला तर भरपूर पाणी पाजायचं आणि फोन करायचा. जांभळा दिसला किंवा उलट्या थांबेनात, तर वाट पाहत बसायचं नाही. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: मूल जेवलं नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नाही.

एवढं बोलून त्यांनी दाराकडे पाहिलं. "लवूभाऊ, आत या. हे काम तुमचं."

लवू आत आला. त्यानं मला हातात घेतलं. मासळीनं आणि दोरानं खरबरीत झालेला तो हात जरासा थरथरत होता. त्यानं माझ्या अंगावरचे रंग एकेक करून पाहिले. पहाटेच्या पाण्याचे रंग पाहून मासळी कुठे असेल ते सांगणारा माणूस तो. त्याला रंग समजायला वेळ लागला नाही.

मित्रांनो, कुणाच्या तरी कामी येणं काय असतं, ते मला आरोंद्याला गेल्यावर कळलं. लवूनं मला एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं, डब्यात तांदूळ घातले आणि तो डबा चुलीपासून लांब, माळ्याखालच्या फळीवर ठेवला. मी ओली होऊ नये म्हणून त्यानं स्वतःच काढलेली ती युक्ती होती. झाकण उघडण्याआधी तो हात धुऊन पंच्याला कोरडे पुसायचा. पट्टी बुडवली की मोठ्यानं मोजायचा. होडीच्या नांगराचा दोर पाण्यात सोडताना वावांनी खोली मोजतात, तसा त्याचा सूर लागायचा, संथ आणि लांबट. उर्वशी मनगटावरचं शाळेचं घड्याळ धरून त्याच्यासमोर उकिडवी बसायची. त्याचे पंधरा होईपर्यंत घड्याळात पंचवीस सेकंद होऊन जात. मग ती त्याला थांबवी. पुढे असं ठरलं की लवूनं पट्टी धरायची आणि उर्वशीनं सेकंद मोजायचे. बापलेकीची ती पहिलीच जोडी. त्याआधी तिच्या आजारात लवूला काही जागाच नव्हती.

जून महिन्यात तिला थोडा ताप आला. लवूनं पट्टी बुडवली. चौकोन सायीसारखाच राहिला. पडवीत उजेडाला नेऊन त्यानं ती पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि आत येऊन बायकोला म्हणाला, "काय नाय. रंग बदलूक नाय." त्यानं ते इतक्या अभिमानानं सांगितलं, जणू तो रंग त्यानंच थोपवून धरला होता. पार्वती हसली. त्या घरात मी ऐकलेलं ते तिचं पहिलं हसू.

सगळंच काही असं गोड नव्हतं. घरात लवूची मोठी बहीण सुशीला राहायची. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती. उर्वशीवर तिचा फार जीव. पण लघवी तपासायची वस्तू तांदळाच्या डब्यात, हे काही तिला पटेना. लवू पहाटेच बाहेर पडलेला पाहून तिनं एकदा मला न्हाणीघरातल्या कोनाड्यात नेऊन ठेवलं. बाजूला चुलाण्यावर पाणी तापत होतं. वाफ माझ्या अंगावरून ओघळत होती. माझं झाकण घट्ट होतं म्हणून मी वाचले. तासाभरानं लवू परत आला, त्यानं मला शोधून काढलं आणि पंच्यानं पुसलं. बहिणीशी तो भांडला नाही. फक्त एवढंच म्हणाला की, ही भिजली तर खोटं बोलेल, आणि हिच्या खोट्यावर आपण विसंबून राहू. त्यानंतर सुशीलानं मला पुन्हा हलवलं नाही.

जुलै संपता संपता वेंगुर्ल्याहून निरोप आला. पार्वतीची आई काशीबाई अंथरुणाला खिळली होती आणि लेकीचं नाव घेत होती. पार्वती जाईना. शेवटी गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या नर्स, तुळसाबाई, म्हणाल्या की मी दोन्ही वेळा येऊन इंजेक्शन देते, तू जा. पावसाळ्यामुळे मासेमारी बंद होती, त्यामुळे लवू घरीच होता. पार्वती दोन लुगडी पिशवीत घालून एसटीनं गेली.

पहिल्या दिवशी तुळसाबाई वेळेवर आल्या. संध्याकाळीही आल्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच त्यांना पलीकडच्या वाडीतून बोलावणं आलं. एक बाई अडली होती. तुळसाबाईंनी निरोप ठेवला की उशीर होईल, पण येते. त्याच सकाळी उर्वशीला उलट्या सुरू झाल्या.

सुशीलानं तिला पेज पाजली, ती राहिली नाही. आल्याचा रस दिला, तोही राहिला नाही. तुळसाबाईंचा पत्ता नव्हता. तेव्हा सुशीला भावाला म्हणाली, "पोराच्या पोटात काय नाय. आता सुई दिलंस तर साखर खाली जातली. आज ऱ्हवांदे."

मित्रांनो, तिचं म्हणणं मायेपोटी होतं आणि ऐकायला शहाणपणाचंही होतं. डॉक्टरांनी दोनदा काय सांगितलं होतं, ते लवूला आठवलं असणारच. मी त्याचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर काळजी होती, पण काळजीच्या खाली सुटकाही होती. सुई द्यायची नाही, म्हणजे ती कुणी द्यायची हा प्रश्नच नाही. तो म्हणाला, बरं, ऱ्हवांदे. उर्वशीनंही मान हलवली. तिलाही सुई नकोच होती. त्या घरात त्या सकाळी तीन माणसं होती आणि तिघांनाही एकच गोष्ट हवी होती. तिघांचीही चूक होत होती.

त्याच वेळी त्यानं मला उघडायला हवं होतं, पण नाही उघडलं. मी फळीवरून सारं पाहत होते आणि मला तर तोंड नाही. तो पडवीत जाऊन जाळं विणत बसला. विणता विणता चार-चारदा चुकला, पुन्हा उसवत राहिला. मला वाटतं, मी काय सांगेन याचीच त्याला भीती वाटत होती.

अकराच्या सुमारास उर्वशीनं पाणी मागितलं. एकामागून एक तीन भांडी ती प्यायली आणि लगेच सगळं उलटून पडलं. लवू तिला सावरायला वाकला तेव्हा तिच्या श्वासाचा वास त्याला आला. पिकून आंबलेल्या काजूच्या बोंडाचा असतो ना, तसा. दोन वर्षांपूर्वी त्या वाईट सकाळीही तिच्या तोंडाला असाच वास होता. तो ताडकन उठला आणि त्यानं मला खाली काढलं.

हात धुतले, पुसले. पट्टी बुडवली. उर्वशीला घड्याळ धरवेना, म्हणून सुशीलानं धरलं आणि उर्वशीनं पडल्या पडल्या पुटपुटत सेकंद मोजले. ती दहापर्यंतही पोचली नव्हती. चौकोन गुलाबी झाला, मग लाल आणि बघता बघता जांभळा. माझ्या ओळीतल्या शेवटच्या रंगाइतका गडद. साखरेचा चौकोनही पूर्ण तपकिरी झाला, म्हणजे साखरही फार वाढली होती. लवूनं विश्वास बसेना म्हणून दुसरी पट्टी काढली. तीही जांभळी झाली. एवढं गडद सांगायची वेळ माझ्यावर याआधी आली नव्हती आणि पुढेही कधी आली नाही.

त्यानं मला शर्टाच्या खिशात टाकलं आणि तो नाक्यावरच्या दुकानाकडे धावत गेला. फोन तिथेच होता. डॉक्टर दीपिका दवाखान्यातच सापडल्या. लवू दवाखान्यात नेहमी शुद्ध मराठी बोलायचा. त्या दिवशी त्याला ती भाषा आठवली नाही. जांभळो झालो, बाई, जांभळो झालो, एवढंच तो बोलत राहिला.

डॉक्टरांनी विचारलं, सकाळचं इन्सुलिन दिलं का? तो म्हणाला, नाही. त्या रागावल्या नाहीत. पोर शुद्धीवर आहे का, बोलते का, श्वास कसा आहे, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग सांगितलं की तिला लगेच रुग्णालयात आणा, मी तिथे कळवते. पण गाडी मिळून पोचायला दीड-दोन तास जातील, तेवढं थांबता येणार नाही. दोन बाटल्यांपैकी पाण्यासारख्या स्वच्छ, लवकर लागू पडणाऱ्या औषधाची जी बाटली आहे, तिच्यातलं इन्सुलिन आत्ता द्या आणि मग निघा. किती द्यायचं तो आकडा त्यांनी सांगितला आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतला.

"नर्स नाय, पार्वती नाय," लवू म्हणाला. "माझ्या हातान होवचा नाय, बाई."

मग डॉक्टर म्हणाल्या, "लवूभाऊ, भीती वाटते हे मला माहीत आहे. तरी द्यायचं आहे. फोन ठेवा आणि घरी जा."

तो घरी आला. सुशीलाला त्यानं मासळीच्या टेम्पोवाल्या धोंडूला बोलवायला पिटाळलं. इन्सुलिनच्या बाटल्या पाण्याच्या मडक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या असत. त्यानं स्वच्छ औषधाची बाटली शोधली. सिरिंज काढली. सुई पाहिली आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला. तो भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच्या खिशात होते. त्याचं काळीज माझ्या अंगावर आपटत होतं. मला वाटलं, हा आता पडणार.

उर्वशीनं डोळे उघडले. बापाच्या हातात काय आहे ते तिनं पाहिलं आणि तो कसा बसलाय तेही पाहिलं. पार्वती रोज काय करते, ते तिला पाठ होतं. दोन वर्षं डोळे मिटून का होईना, तिनं प्रत्येक आवाज ऐकला होता. ती हळूहळू सांगू लागली. आधी बाटलीचं रबर स्पिरिटनं पूस. मग हवा आत घाल. मग औषध खेच. बुडबुडा आला तर टिचकी मार. लवू एकेक करत गेला. आकड्याच्या रेषेशी त्यानं दट्ट्या थांबवला, उजेडाकडे धरून पाहिला आणि तिलाही दाखवला. तिनं मान डोलावली.

मग तिनं स्वतःच झगा वर करून मांडी उघडी केली. लवूनं तिची कातडी चिमटीत धरली. सुई जवळ नेली आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या.

"डोळे मिटू नकात, बाबा," उर्वशी म्हणाली. "तुमी मिटलास तर माका कोण देतला?"

ती त्याच्याकडे बघत होती. आजवर सुई आली की भिंतीकडे तोंड करणारी ती मुलगी बापाचे डोळे उघडे राहावेत म्हणून स्वतःचे डोळे उघडे ठेवून बसली होती.

लवूनं सुई टोचली. दट्ट्या सावकाश शेवटपर्यंत दाबला, मनात मोजलं, सुई बाहेर काढली. तो पडला नाही. सिरिंजवर टोपण लावून झाल्यावर मात्र तो मोरीशी गेला आणि ओकला. तोंड धुऊन परत आला तोवर बाहेर टेम्पोचा आवाज आला होता.

धोंडूनं टेम्पोत मागे चादर अंथरली होती. लवू मुलीला मांडीवर घेऊन बसला. सावंतवाडीचा रस्ता खड्ड्यांचा, वर पावसाची झड. वाटेत ती झोपेला लागली की तो तिला हाक मारून उठवी आणि घोट घोट पाणी पाजी. ते सगळंच काही पोटात राहत नव्हतं. तिचा श्वास खोल आणि जड झाला होता. रुग्णालयात दोन माणसं स्ट्रेचर घेऊन दाराशीच उभी होती. त्यांनी तिला आत नेलं आणि शीर शोधायला सुई काढली. लवू तिच्या उशाशी उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. नर्सनं त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो नाही म्हणाला.

रात्र गेली. दुसरा दिवसही गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी उर्वशीनं भूक लागली असं सांगितलं. डॉक्टर दीपिका लवूला म्हणाल्या की ती वाचली, पण अगदी काठावरून. सकाळीच इन्सुलिन दिलं असतं तर बहुतेक इथे यावंच लागलं नसतं. आणि दुपारीही दिलं नसतं तर काय झालं असतं, ते न बोललेलंच बरं. लवूनं दोन्ही वाक्यं खाली मान घालून ऐकली. त्यातलं पहिलं तो कधीच विसरला नाही.

पार्वती त्याच दुपारी आली. काशीबाई आदल्या दिवशी गेली होती. आईला पोचवून, उर्वशीचा निरोप कळताच, सुतक असतानाच ती तशीच एसटीत बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते. लवूनं तिला त्या दिवशीच्या सकाळपासूनचं सगळं सांगितलं. सुई टाळली तेही सांगितलं, काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "तुमी दिलास?"

"दिलंय," तो म्हणाला.

ती त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि आईसाठी राहून गेलेलं सगळं रडू तिला तिथे आलं. तो तिचा हात धरून बसला. दोघांपैकी कोण कशासाठी रडत होतं, ते मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, माझी कामाची वर्षं फार नव्हती. वर्षं कसली, सहा महिनेच ते. ऑक्टोबरच्या शेवटी माझ्यात अजून बऱ्याच पट्ट्या होत्या, पण माझी मुदत संपली होती. लवूनं त्या टाकून दिल्या आणि नवी डबी आणली. सुशीलानं हळहळून विचारलं की चांगल्या दिसतायत, टाकतोस कशाला? तो म्हणाला, दिसतायत चांगल्या, पण आता त्यांच्यावर भरवसा नाही. मला त्याचा राग आला नाही. मी खोटं बोलण्यापेक्षा रिकामी झालेली बरी.

त्यानंतर माझ्यासारख्या कितीतरी डब्या त्या घरात आल्या आणि गेल्या. मी मात्र राहिले, फळीच्या एका कोपऱ्यात, धूळ खात. उर्वशी चौदा वर्षांची झाली तेव्हा स्वतःच स्वतःला इंजेक्शन देऊ लागली. कंटाळा येऊन तिनं मध्ये काही महिने तपासण्या टाळल्याही, आणि त्यावरून घरात वादही झाले. दहावीनंतर ती सावंतवाडीला कॉलेजात गेली, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. तिच्या पेटीत तिची स्वतःची डबी होती. कुणी आठवण करून द्यायची गरज उरली नव्हती. दोन वर्षांत माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

मग दोन हजार नऊ सालच्या डिसेंबरात कट्टा गावाहून गंगाराम नावाचा एक माणूस लवूला शोधत आला. कट्ट्याच्या बाजारात त्याचं छोटं दुकान होतं. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला, नर्मदाला, महिन्यापूर्वी तोच आजार निघाला होता. डॉक्टर दीपिकांनीच त्याला इथला पत्ता दिला होता. गंगाराम बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. लवूनं त्याला चहा दिला आणि तो मुद्द्यावर येईपर्यंत थांबला. शेवटी गंगारामनं जमिनीकडे पाहत सांगितलं की बायको इंजेक्शन देते तेव्हा मी दुकानात निघून जातो. मला ते पाहवत नाही. बाप असून पाहवत नाही.

लवू उठला. त्यानं फळीवरून मला काढलं, पंच्यानं धूळ पुसली आणि गंगारामच्या हातात दिलं. माझ्या अंगावरचे रंग आता फिके पडले आहेत, पण ओळ अजून दिसते. लवूनं त्याला एकेक रंग दाखवला. हात कोरडे कसे करायचे, पंधरा कसे मोजायचे, डबी कुठे ठेवायची नाही, सगळं सांगितलं. हे काम बापाला जमण्यासारखं आहे, इथून सुरुवात कर, असं तो म्हणाला. मग स्वतः त्या जुलैच्या सकाळी जाळं विणत कसा बसून राहिला, तेही त्यानं सांगितलं. ती गोष्ट त्यानं घराबाहेर पहिल्यांदाच कुणाला सांगितली.

गंगारामनं विचारलं, मग तुमची भीती गेली कशी?

"जावक नाय," लवू म्हणाला. "अजून सुई दिसली की माझे पाय कापतत. ती जाईपर्यंत तू थांबू नको. पोरग्याक तितको वेळ नसता."

जाताना गंगारामनं मला परत फळीवर ठेवलं आणि लवूला विचारलं की इंजेक्शन कसं देतात, ते पाहायला मी परत आलो तर चालेल का. पुढच्या रविवारी उर्वशी घरी आली होती, तेव्हा तो आला. तिनं स्वतःला इंजेक्शन दिलं. दोघे बाप एकमेकांच्या शेजारी उभे राहून ते पाहत होते. दोघांचेही चेहरे उतरले होते, पण डोळे उघडे होते.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी किंवा वर्गात असं कुणी असेल तर माझ्यासारख्या डबीची आबाळ करू नका. तिचं झाकण घट्ट लावा, तिला ओलीपासून जपा, मुदत संपली की मोह न धरता नवी आणा. तिच्यात सुई नाही, म्हणून तिला भिऊ नका. पण तिनं जांभळा रंग दाखवला तर लगेच डॉक्टरांना गाठा आणि ते सांगतील तसं करा. मी फक्त रंग दाखवू शकते. पुढचं काम माणसाच्या हातांनीच करावं लागतं, ते हात थरथरत असले तरी.